पाण्याच्या पोटातली आग

तेलगावहून धारूरचा घाट चढताना एक राखाडी जीप खोकत खोकत वळण घेताना दिसली, तर मित्रांनो, ती मीच. माझी उमर झाली आहे. जालिंदर माझा मालक. माझ्या बाकांवरून बाजाराच्या पाट्या गेल्या, नव्या नवऱ्या सासरी गेल्या, अन् जालिंदरची लेक चैताली रोज कॉलेजला जाऊन विज्ञान शिकली.

पण अलीकडे मला डिझेल फार लागू लागले. यंदा जालिंदर चारचौघांत बोलला, "दसऱ्याचा हार घालतो अन् भंगारात देतो. लई पिती ही." ते ऐकले आणि माझी चाकं जागीच जड झाली.

मग त्याने मोबाईलवर डिझेल वाचवायचा एक उपाय पाहिला आणि एक बाटली आणली. आत पाणी, पाण्यात स्टीलच्या पट्ट्या. माझ्या बॅटरीची तार तिला जोडली, अन् काय सांगू! पाणी गार होते, तरी त्यातून बुडबुड्यांचे मोती वर धावू लागले.

"आप्पा, पाणी फुटायलंय. त्यातनं हायड्रोजन निघतोय," चैताली म्हणाली. तिने तो वायू साबणाच्या चिमूटभर फेसात धरला, सगळ्यांना लांब उभे केले आणि लांब काठीला बांधलेली पेटती वात पुढे केली. फट्!

जालिंदरच्या बायकोने, भामाबाईने, हात जोडले. "अगं माय! पाण्यात आग निजलीती व्हय!"

तो वायू नळीने माझ्या इंजिनात आला. जे पाणी आग विझवते, तेच माझ्या छातीत जळत होते. माझे सारे लोखंड शहारले.

त्या दिवसापासून जालिंदर मला नव्या नवरीसारखे जपू लागला. चाकांत हवा भरली, हवेची जाळी धुळीतून मोकळी केली, पुढे लिंबू-मिरची टांगली. तेलगावच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, धारूरला जाऊन आला, पुन्हा गळ्यापर्यंत भरली. डिझेल खरंच कमी लागले!

"वाचली माझी राणी!" तो ओरडला.

मी मात्र कोड्यात पडले. बॅटरी भरते मीच, अन् ती भरायला डिझेल जाळते तेही मीच. पाणी फोडायला मी जेवढे बळ वेचत होते, तेवढेसुद्धा तो वायू परत आणत नव्हता. पण मला तोंड कुठे?

तोंड भामाबाईला होते. "ही बाटली बसवल्यापस्नं तुमी गाडी कुठं चालवायलेत? पाळणा हालवायलेत! आदी कसं, रानडुक्कर मागं लागल्यागत!"

चैताली थबकली. "आप्पा, आता बाटलीची तार काढा. अन् असंच, हळू चालवा."

"अन् पिली तर?"

"तर भंगारवाला हायच की," भामाबाई म्हणाली.

तेवढेच वजन घेऊन, त्याच वाटेने आम्ही निघालो. घाट चढताना मला माझीच धडधड ऐकू येत होती. पंपावर आकडे पळाले आणि थांबले. मागच्या वेळी थांबले होते तिथेच. उलट केसभर अलीकडे.

जालिंदरने खाली, ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. "म्हंजे ही न्हाई, माझा पाय पीत होता व्हय!"

दसऱ्याला हार पडला. भंगारवाला रिकामा गेला. भामाबाई हळद-कुंकू लावता लावता गुणगुणली,

पाण्याच्या पोटामंदी निजली आगबाई
तिला उठवाया गं तेवढीच आग जाई

आता ती बाटली चैतालीच्या कोनाड्यात आहे. पोरे येतात, बुडबुडे बघून डोळे विस्फारतात. मीही अजून थक्क होते. एवढेसे पाणी, पण घेतल्यावाचून काही देत नाही, कुणाला फसवत नाही आणि कुणाकडून फसतही नाही.

म्हणून मित्रांनो, नवल जरूर बघा, पण जुन्याला भंगारात काढण्याआधी एकदा त्याला नव्यासारखे जपून बघा. घाटात माझा खोकला ऐकू आला, तर हात करा. जालिंदर हल्ली हळूच थांबतो.