बाबांचं डोकं

त्या घरातला पंखा कधी दोनच्या वर गेला नव्हता. उकाड्याने अंगाची लाही लाही झाली तरी नाही. का, असं कोणी विचारत नसे, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. बाबांच्या डोक्यावर विग होता आणि तो वाऱ्याने हलता कामा नये, हे आईला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. तरीही घरात त्या शब्दाचा उच्चार झालेला कोणाला आठवत नव्हता. अळीमिळी गुपचिळी.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. साऱ्या नात्यागोत्यातल्या लोकांचे फोटो त्यांनी काढले, पण त्यांचा स्वतःचा एकही फोटो घरात सापडायचा नाही. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे.

मुलगा चष्मेवाला. दुकानात गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशात डोकावलं की शेजारी त्याचं स्वतःचं कपाळ दिसायचं, आणि ते दर महिन्याला थोडं मागे सरकल्यासारखं वाटायचं. परवा एका चांगल्या पिकल्या केसांच्या बाईंनी त्याला "काका, ही फ्रेम जरा घट्ट होते" म्हटलं. त्याची तिशी उलटली नव्हती. तो हसला, फ्रेमची दांडी सैल केली, आणि दिवसभर जळत राहिला. त्याला लाज वाटायची. आणि एवढ्यातेवढ्याची लाज वाटते, याची आणखी वेगळी लाज वाटायची.

म्हणून त्याने केस लावून घ्यायचं ठरवलं, गुपचूप. पहिलं क्लिनिक काचेच्या दारांचं होतं. तिथे सूट घातलेल्या तरुणाने त्याला गुळगुळीत कपाळांचे आणि भरघोस केसांचे फोटो दाखवले, कॉफी पाजली आणि शुक्रवारची तारीख दिली. उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल, असंही बजावलं. डॉक्टर कुठे दिसले नाहीत. आमची टीम अनुभवी आहे, एवढंच उत्तर मिळालं. चष्मेवाल्याचा हो अगदी ओठांवर आला होता. पण डोकं आपलं आहे, आणखी एकाला दाखवलेलं बरं, म्हणून तो एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांची लहानशी खोली होती.

बाईंनी कॉफी विचारली नाही. त्याचे केस ओले केले, भिंग लावलं, आणि कपाळाकडे जेमतेम बघून मानेवरच्या केसांकडेच बराच वेळ बघत बसल्या.

"पुढे लावायचे केस मागूनच काढायचे असतात," त्या म्हणाल्या. "काढले तिथे परत उगवत नाहीत. चुकलं तर दुरुस्तीला माल उरत नाही. वडिलांचे मागचे केस कसे आहेत?"

"दाट आहेत," चष्मेवाला म्हणाला.

त्याने ठरवून सांगितलं नव्हतं. घराबाहेर कोणी विचारलं तर हेच सांगायचं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, तसं असेल तर तुमचेही टिकतील, काम करता येईल. वडिलांचेही जाणारे असतील तर मात्र मी हात लावणार नाही. आज लावलेले उद्या गळतील आणि डोक्यामागे व्रण तेवढे राहतील. मग त्यांनी हात पुसले. "वडिलांना एकदा घेऊन या. बघितल्याशिवाय मी तारीख देत नाही."

चष्मेवाला जिना उतरायला लागला. बाबांना आणायचं तर त्या घरात कधी न उच्चारलेलं उच्चारायचं. नाही आणायचं तर शुक्रवारी, काहीही न विचारणाऱ्यांच्या हाती मान द्यायची. तिथे सगळं सोपं होतं. तेच सोपेपण आता त्याला सलायला लागलं.

रात्रीच्या जेवणात त्याने खडा टाकला. केसांसाठी डॉक्टरकडे गेलो होतो, म्हणाला. आईचा हात भांड्यावरच थांबला. डॉक्टरांना बाबांना भेटायचंय, हे त्याने ताटाकडे बघत सांगितलं. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले, उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

आईने त्याला ओट्यापाशी गाठलं आणि दबक्या आवाजात फैलावर घेतलं. इतकी वर्षं त्या माणसाला मी सांभाळलं, म्हणाली, आणि तू चार केसांसाठी त्याला उघडं पाडायला निघालास. मग शुक्रवारी दुसरीकडे जातो, तिथे बाबांना कोणी बोलावलेलं नाही, चष्मेवाला म्हणाला. तिचं खरं होतं. त्याने मनात ठरवून टाकलं, सकाळी फोन करायचा आणि शुक्रवार पक्का करायचा.

सकाळी तो बाहेरच्या खोलीत आला तर बाबा बूट घालून बसले होते.

"ती डॉक्टर स्वतः कापते?" त्यांनी विचारलं. "की दुसरं कोणी?"

"स्वतः, बाबा."

"आणि ते दुसरे? आईला सांगत होतास ते, शुक्रवारवाले?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

त्याने मान हलवली. बाबा उठले. दोघे बेकरीशेजारचा जिना चढले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली. बाबा बसले, हात मांडीवर ठेवून, नेहमी ते दुसऱ्यांना बसवत तसे ताठ. अजून वेळ आहे, उठू या, असं म्हणावं असं चष्मेवाल्याला वाटलं. तेवढ्यात बाबांनी दोन्ही हात कानांमागे नेले, विग काढला आणि न बघता मुलाच्या हातात दिला.

तो कोमट होता.

बाबांच्या टाळूवर पुढे केसांचे जाड झुबके होते, ओळीने, एकमेकांपासून लांब लांब, बाहुलीच्या डोक्यात खोचलेले असतात तसे. अधेमधे चकचकीत कातडी. हे टक्कल नव्हतं. टकलाचं कोणाला काय वाटलं असतं? हे कोणीतरी केलेलं होतं.

"तुम्ही तर दाट म्हणाला होतात," बाई चष्मेवाल्याला म्हणाल्या.

"बाहेर आम्ही तसंच सांगतो," बाबा म्हणाले.

बाई मागे गेल्या, भिंग डोळ्याला लावलं. बाबांनी मान जराशी खाली केली.

"समोरून कळणार नाही, डॉक्टर. दिवा बाजूला घ्या." बाईंनी दिवा सरकवला तसे डोक्यामागचे खड्डे एकेक करून उठून दिसले, आणि त्यांच्या भोवतीचे केस किती विरळ होते तेही. "आता बघ," बाबा मुलाला म्हणाले. "मी तुझ्याच वयाचा होतो. डॉक्टरचं नाव पाटीवर होतं. तो मला शेवटपर्यंत दिसला नाही."

चष्मेवाल्याने बघितलं. त्याला रडू येत होतं आणि ते स्वतःच्या केसांसाठी नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या की मागचेही जाणारे आहेत, तेव्हा मुलाच्या डोक्याला आपण हात लावणार नाही. औषध सुरू करा, वर्षभराने बघू, कदाचित तेव्हाही नाहीच म्हणेन. त्याने मान डोलावली. खिशातला फोन वाजायला लागला. काचेच्या दारांवालेच असणार. दोन्ही हातांत विग होता. फोन वाजून वाजून थांबला.

मग त्याने विग बाबांना परत दिला. भिंतीवर आरसा होता. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. विग चढवला आणि तोंड मुलाकडे केलं.

"सरळ आहे का रे?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कोणाला विचारलं नव्हतं. चष्मेवाला एक पाऊल मागे सरकला, गिऱ्हाइकाची फ्रेम बघतो तसं डोळे बारीक करून बघितलं, आणि दोन बोटांनी डावी बाजू किंचित खाली घेतली.

"आता आहे, बाबा."