मध घातलेली येर्बा

क्रिस्पीनच्या छातीत असं धडधडत होतं, की शेजारी बांधलेलं घोडंसुद्धा दचकून कान टवकारत होतं. खोटं नाही सांगत! आज निकानोरा उत्तर देणार होती. तोंडानं नाही हो, येर्बाच्या तुंबीतून. येर्बा म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, भोपळ्याच्या पोकळ तुंबीतून नळीनं ओढायचा. थंडगार येर्बा आली तर 'चालता हो', दालचिनी टाकलेली आली तर 'आठवण येते', आणि मध घातलेला असला तर थेट लग्न! अख्ख्या कोरियेन्तेस प्रांतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अंगणात सगळे गोल करून बसलेले. तुंबी एकच, नळी एकच. निकानोरा किटलीतलं गरम पाणी ओतायची, ज्यानं त्यानं पिऊन तुंबी तिच्याच हातात परत द्यायची.

क्रिस्पीनची पाळी आली. त्यानं नळी ओढली. मध! मिशीला मुंग्या लागतील इतका मध! गडी असा हुरळला, की तुंबी परत देता देता ओरडला, "ग्रासियास!"

झालं! सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. अहो, तुंबी देताना आभार मानले म्हणजे 'पुरे, मला आता नको'. शहाण्यानं मध पिऊन नवरीलाच नको म्हटलं!

निकानोराचे गाल पेटले. "नको तर नको. लीनो, तू घे रे."

लीनो म्हणजे घोड्यांचा दलाल, तिच्यावर कधीचा डोळा ठेवून. "आण आण, मला गोड चालतं!"

"थांब!" क्रिस्पीन ताडकन उठला. "मी तुला नाही म्हटलं गं! मी... मी मधमाशीला म्हटलं!"

"अस्सं?" निकानोराचा बाप एपिफानिओ म्हणाला. "मग माशीला इथून ऐकू येतंय होय, गाढवा? ते बघ झाडावर पोळं. तिथं जाऊन म्हण."

"जातो, काका!"

आणि गेला की हो! सरसर वर चढला, पोळ्यात तोंड घातलं आणि घसा फोडून आभार मानले. माश्याही मोठ्या मायाळू, एकेकीनं येऊन मुका घेतला. खाली उतरला तेव्हा ओठ एवढे सुजलेले, की दोन कोंबड्या त्यांच्या सावलीला येऊन बसल्या.

निकानोरा हसून हसून लोळली. मग उठली, लीनोच्या हातातली तुंबी हिसकावली, मध ओतला आणि नळी क्रिस्पीनच्या ओठांच्या फटीत बसवली.

"काय रे, पुरे का?"

त्यानं 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. तोंडातून निघालं ते नुसतं, "म्म्म!"

"अहो बाबा," निकानोरा ओरडली, "पाणी तापत ठेवा! लग्नापर्यंत हा काही पुरे म्हणत नाही!"