परवान्याच्या वाटेवर वाळलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. होडीने खरं तर पाण्यात असावं, पण मी कालव्याच्या काठावर दोन ओंडक्यांवर बसून आहे आणि इथून हलण्याची आता काही चिन्हं नाहीत.

माझा जन्म सुताराच्या अंगणात झाला. त्याने फळ्या जोडल्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला आणि मला नावाड्याच्या हवाली करताना बजावलं, की हिला कोरडी पडू देऊ नकोस. पाण्यात लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. होडीची तब्येत पाण्यातच चांगली राहते.

मग सुखाचे दिवस आले. शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, एकदा तर शिंगं रोखून बसलेला बोकड, सगळ्यांना मी पलीकडे नेलं. हिच्यात बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी खुलून जायचे.

पुढे कालव्यात होड्यांची दाटी झाली. लाँच आल्या. एका सकाळी भरधाव लाँचने नावाड्याच्या धाकट्या भावाची होडी उलटवली. नावाड्याने भावाला माझ्यातच ओढून घेतलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक होडीला आणि लाँचला तपासणी करूनच परवाना मिळावा, असा ध्यास नावाड्याने घेतला. नावाड्यांच्या सभेत बाकीचे त्याच्यावर तुटून पडले, आमच्या पोटावर पाय देतोस म्हणाले. तो मागे हटला नाही. अखेर नियम झाला. तपासणी होऊन परवाना मिळेपर्यंत एकही होडी पाण्यात उतरवायची नाही.

इतरांनी आपल्या होड्या गुपचूप लव्हाळ्यात दडवल्या, पाण्यातच. नावाड्याने मात्र मला काठावर ओढलं. बायको कळवळली. "अहो, सगळ्यांसारखी लव्हाळ्यात ठेवा ना. वाळून जाईल ती."

"नियम मीच मागितला. आता मीच मोडू?"

तपासणी लांबत गेली. बायको बिचारी रोज माझ्यावर बादल्या ओतायची, पण उन्हापुढे तिचं काय चालणार? माझे सांधे उघडले. तपासनिसाने मला पाण्यात सोडायला लावलं आणि बघता बघता मी निम्मी भरले.

"साहेब, थोडे दिवस पाण्यात राहू द्या. सांधे मिटतील," नावाडी काकुळतीला आला.

"परवान्याशिवाय पाण्यात कशी ठेवणार? नियम तुम्हीच मागितला होता ना?"

लव्हाळ्यातल्या होड्या पास झाल्या. भावाला बुडवणारी लाँचही पास झाली. तिच्यावरचा परवान्याचा ताजा नंबर मला इथून दिसतो.

मित्रांनो, नियम नकोत असं मी म्हणत नाही. तो धाकटा माझ्याच फळ्यांवर निजला होता, मी कशी विसरेन? पण उद्या तुम्ही मोठे होऊन नियम कराल, तेव्हा लाकडाला काय लागतं तेही विचारा. माझ्यापुरता आता उशीर झाला आहे.

नावाडी हल्ली गोदामात ओझी उचलतो. संध्याकाळी येतो आणि एक बादली माझ्यात ओततो. दुसरी भरून आणेपर्यंत पहिली फटींतून गळून गेलेली असते. तो खाली बघत नाही, दुसरीही ओततो.