बाबांचा मेन स्विच

बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दोन तास तिथेच पडून राहिले, तेव्हापासून आमच्यात एकच वाद होता. मी म्हणे, माझ्याकडे राहायला चला. ते म्हणत, मेलो तरी हे घर सोडणार नाही. हा हट्टीपणा माझ्यात कुठून आला, हे आई असती तर तिने हसत सांगितलं असतं. शेवटी तह झाला. घरात दोन कॅमेरे बसवायचे, आणि सोमवारी माझ्या ऑफिसातून त्यांचं चित्र मोबाइलवर दिसलं, तर बाबा इथेच राहणार. नाही दिसलं तर मुकाट्याने बॅग भरणार.

चार दिवसांची रजा काढून आले. कॅमेऱ्यांना बाबांनी मला हात लावू दिला नाही. बत्तीस वर्षं वीज खात्यात वायरमन असलेला माणूस, लेकीला भिंतीला भोक पाडू देईल होय? राउटर मात्र माझ्या वाट्याला आला.

"काय करतेयस?" बाबा माझ्या खांद्यावरून डोकावले.

"राउटरला सांगतेय, मी बाहेरून कॅमेरा बघायला आले तर मला कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरकडे सोड. एरवी तो बाहेरच्या कुणालाच आत घेत नाही."

"शहाणा आहे. पण मग चोरही येईल की तुझ्या मागून."

"म्हणून तर लांबलचक पासवर्ड ठेवलाय."

"काय ठेवलास?"

"सांगितला तर तुम्ही भिंतीवर लिहाल."

लिहिलाच असता. आमच्या घरात एकेका बटणाखाली पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात 'पंखा', 'जिना', 'हे बंद आहे'.

घरच्या वायफायवर चित्र दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. मी मोबाइलचं नेट चालू करून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेले. तिथे उभ्याउभ्या उघडून बघते, तर बाबा स्टुलावर चढलेले! लगेच फोन लावला.

"आधी खाली उतरा!"

"तुला कसं कळलं?" असं विचारता विचारता त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली आणि ते स्टुलावरच खो खो हसायला लागले.

शुक्रवारी बाहेरून पाहिलं, तर चित्र गायब. मी सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळी पुन्हा गायब. नेट कंपनीच्या माणसाशी फोनवर कडाकडा भांडले. बाबांना तीनदा विचारलं, "बटणाला हात लावलात का?" तिन्ही वेळा उत्तर एकच, "मी कशाला लावू?"

शनिवारी सकाळी चोर सापडला. आम्ही दोघं बाहेर निघालो होतो; बाबांनी बूट घातले, छत्री घेतली, किल्ली घेतली आणि त्याच हाताने मेन स्विच पाडला.

"बाबा!"

"काय झालं?"

"मेन पाडलात!"

"बाहेर जाताना पाडतातच की. याला हात लावणं म्हणतात होय?" फ्रिजची लाईन त्यांनी स्वतः वेगळी काढलेली. बाकी घर मात्र ते दाराबाहेर पडले की मेलेलं.

निम्मी चूक माझी होती. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की रेकॉर्डरला घरच्या नेटवर्कमध्ये नवा नंबर मिळे आणि राउटर मला जुन्याच नंबरावर पाठवी. मी रेकॉर्डरला कायमचा एक नंबर बांधून दिला. पण वीजच नसेल तर त्या नंबराला काय चाटायचंय?

"अहो, मला काळोख दिसला तर तुम्ही बाहेर गेलात की आत पडलात, हे मला कसं कळणार?"

 बाबांनी कपाटावरची बॅग काढली आणि तिच्यात दोन शर्ट ठेवले.

"रिकामं घर चालू ठेवून माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही गं. तुझं खरं आहे. येतो मी."

जिंकले होते मी, आणि मला रडू फुटलं. त्या बॅगेकडे बघवेना. "तह सोमवारचा ठरलाय," म्हटलं, आणि रविवारी एकटीच निघाले.

सोमवारी साडेआठला, म्हणजे बाबांच्या फिरायला जायच्या वेळेला, ऑफिसात मोबाइल उघडायचा मला धीर होईना. उघडला.

चित्र होतं. बूट जागेवर नव्हते, छत्री नव्हती, घर रिकामं होतं आणि चालू होतं. मेन स्विचला काहीतरी लाल लटकत होतं. मोठं करून पाहिलं. बाबांच्या नोकरीतली पत्र्याची पाटी. कुणी खांबावर चढलं की ती खालच्या स्विचला अडकवायची. मग साहेब आला तरी त्या स्विचला हात लावत नाही. 'वर माणूस आहे' या अक्षरांवर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगी बघत आहे. बटण पाडू नये.'

सव्वानऊला बाबा परतले. सवयीने मेन चालू करायला हात गेला, पाटीला लागला आणि थांबला. मग ते कॅमेऱ्याकडे वळले आणि त्यांनी हात सरळ वर केला. लहानपणी मी खांबाखाली डबा घेऊन उभी असायचे, तेव्हा खाली उतरल्यावर ते असाच हात करायचे. सुखरूप उतरलो, असा त्याचा अर्थ.

भर ऑफिसात, सगळ्यांदेखत, मीही हात वर केला.