जाफरभाईंची शेरवानी आणि दोन उमेदवार

मित्रांनो, मी शेरवानी आहे. जुनी म्हणा, विटकी म्हणा, मला राग नाही. पण 'फडकं' म्हणालात तर मात्र माझी सगळी कहाणी ऐकावी लागेल.

लोहाऱ्याजवळच्या एका गावात जाफरभाई शिंप्यांनी मला स्वतःच्या लग्नासाठी शिवलं. काळंभोर कापड, गळ्यापासून खाली सात पितळी बटणं. त्यांची नवरी शरिफाबी आधी माझ्याकडं बघून लाजली आणि मग नवऱ्याकडं. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जायचं तर अंगात शेरवानी हवीच, असा रिवाज होता. अंगात नुसती बंडी असली, तर शिपाई पायरीवरूनच परत लावी. आणि अख्ख्या गावात कचेरीत मिरवण्याजोगी शेरवानी एकच, ती म्हणजे मी! जाफरभाईंना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. त्यांनी माझ्या दोन्ही कुशींना आतून भरपूर कापड राखलं होतं. बारीक माणूस आला की टाके घालून मला आवळायचं, जाडा आला की उसवून सैल करायचं. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. त्यात कुणीतरी छातीवर पानाचा डाग पाडला, तो काही गेला नाही.

कचेरीत अर्ज घेणाऱ्या पेशकारांची माझ्याशी चांगली ओळख झाली होती. ते कधी कुणाच्या तोंडाकडं बघत नसत. त्यांची नजर पहिल्या बटणापासून सातव्या बटणापर्यंत यायची आणि परत कागदात जायची.

१९४६ साली हैदराबादच्या कायदेमंडळाची निवडणूक आली. मताचा हक्क थोड्याच लोकांना होता, कित्येकांनी तर बहिष्कारच घातला. पण आमच्या गावच्या उत्तरेश्वर नावाच्या काटकुळ्या शेतकऱ्यानं उभं राहायचं ठरवलं. गावात मराठी शाळा नव्हती. ती यावी, एवढंच त्याचं मागणं. गावचे जमीनदार आण्णासाहेबही उभे राहिले. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. एवढी मोठी असामी, पण त्यांची स्वतःची शेरवानी त्यांच्या पोटावर मिटेनाशी झाली होती.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. जाफरभाईंनी मला सकाळी उत्तरेश्वरला कबूल केलं आणि घटकाभरानं आण्णासाहेबांनाही. झाली की नाही पंचाईत! शेवटी सुईदोरा खिशात घालून ते दोघांबरोबर बैलगाडीतून निघाले. कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसून त्यांनी मला उसवलं, घाईघाईत कच्चे टाके घातले आणि मानाप्रमाणं आधी आण्णासाहेबांच्या अंगात चढवलं. अर्ज देऊन लगेच येतो, असं ते म्हणाले.

अर्ज दिला, बाहेर आले आणि ओट्यावर ऐसपैस बसून त्यांनी पानाचा डबा उघडला. कचेरी चारला बंद होणार. उत्तरेश्वर बंडीवर हात जोडून उभा. तर म्हणे, थांब, घाम वाळू दे. मग माझ्या ध्यानात आलं. चार वाजेपर्यंत हा गृहस्थ मला काढणारच नाही! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. इतक्यात आण्णासाहेब स्वतःच्याच हुशारीवर गदागदा हसले आणि दोन्ही कुशींचे टाके टर्रकन गेले. मी मुद्दाम केलं का? मित्रांनो, सगळंच विचारू नये.

चारचौघांत पोट उघडं पडल्यावर त्यांनी मला मुकाट्यानं काढून दिलं. जाफरभाईंनी उत्तरेश्वरच्या अंगावरच भराभर टाके घातले. चार वाजायला पाच मिनिटं असताना तो आत पोचला.

पेशकारांनी सात बटणं बघितली, पानाचा डाग बघितला आणि अर्ज मागं सारला.

"आपका अर्ज तो हो गया ना? एक आदमी, एकच अर्ज."

उत्तरेश्वरनं परोपरीनं सांगितलं. पेशकारांनी मान काही वर केली नाही. मग त्याची बोटं माझ्या बटणांवर आली. एक, दोन, तीन, सातही बटणं निघाली. माझी घडी घालून त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि भर कचेरीत तो ठिगळाच्या बंडीवर उभा राहिला. भीतीनं माझा जीव अर्धा झाला.

"शेरवानी तीच हाय, साहेब. माणूस दुसरा हाय. जरा तोंडाकडं बघा."

पेशकारांनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

निवडणूक उत्तरेश्वर हरला. आण्णासाहेब हैदराबादेत जाऊन काय बोलले, ते गावाला अजून कळलेलं नाही. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि माझी गरजही गेली. मी ट्रंकेत पडले, एक बाही उंदरांनी खाल्ली. फार रडू यायचं. पण पुढच्या वर्षी उत्तरेश्वरच्या खटपटीनं चावडीत मराठी वर्ग सुरू झाला. शरिफाबीनं मला कापून लेकीचं, ताहेराचं, दप्तर शिवलं. पाठीचा तुकडा मास्तरांना फळा पुसायला दिला. हो, तेच ते फडकं तुमच्याशी बोलतंय.

पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेतली. एकेक नाव वाचायचे आणि त्या पोराच्या तोंडाकडं बघायचे. दारात बंडीवर उभ्या असलेल्या उत्तरेश्वरचे डोळे भरून आले होते.

तेव्हा मित्रांनो, मला पाहिजे तेवढं वापरा, फक्त आठवड्यातून एकदा झटकत जा, खडूनं फार खोकला येतो. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी पेशकार झालात, तर समोरच्याच्या बटणांवर थांबू नका. मान अजून वीतभर वर करा.