रंग उडालेली नळी

मी एक जुनं हृदय आहे. घाबरू नका मित्रांनो, प्लास्टिकचं आहे. कारखान्यात मला दोन फाकांत ओतलं, वर लाल-निळ्या नळ्या रंगवल्या आणि मधे बिजागरी बसवली. मला उघडलं की आतले चारही कप्पे दिसतात. हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावर माझी हयात गेली.

थोरल्या डॉक्टरांनी मला वीस वर्षं राबवून घेतलं. त्यांची एक पद्धत होती. आजार समजावून झाला की ते मला पेशंटच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही मला सांगा. मग कुणी चाचरत, कुणी घाम पुसत सांगायचं. चुकलं तर डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. माझ्या पुढच्या अंगाने खाली उतरणाऱ्या नळीवर इतकी बोटं फिरली, की तिचा रंगच उडाला. त्या डागाचा मला भारी अभिमान होता.

थोरले गेले आणि खुर्चीत त्यांची लेक बसली. हुशार बाई, हाताला यश, पण दाराबाहेर कायम गर्दी. तिने भिंतीवर मोठा स्क्रीन लावला आणि मला खिडकीत, कागद उडू नयेत म्हणून ठेवलं. ती भराभर बोलायची. एलएडी, इजेक्शन फ्रॅक्शन, ड्युअल अँटीप्लेटलेट. शेवटी विचारायची, कळलं ना? सगळे मुकाट माना हलवायचे. त्या माना बघून मला धडकी भरायची.

त्यातलाच एक शिंपी. माझा रंग जिथे उडालाय, त्याच्या नेमक्या त्याच नळीत बाईंनी जाळी बसवली होती. तिलाच स्टेंट म्हणतात. दोन महिन्यांनी तो बायकोसोबत तपासणीला आला. बाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या, तेव्हा तो बायकोला हळूच सांगू लागला. बोटाला सुई टोचली की रक्त थांबत नाही, पांढऱ्या कापडावर डाग पडतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारी ती छोटी गोळी त्याने आठवड्यापासून बंद केली होती. जाळी बसली, नळी मोकळी झाली, आता गोळी हवीय कशाला, असा त्याचा हिशेब. बायकोचा चेहरा उतरला. मॅडमना विचारा, असं ती दोनदा म्हणाली.

मी सगळं ऐकलं. नव्या जाळीवर रक्त गोठायला टपलेलं असतं आणि ती छोटी गोळीच त्याला अडवून धरते. थोरल्यांनी हे माझ्यावर बोट ठेवून शेकडो वेळा सांगितलं होतं. पण मला मेलं तोंड कुठे आहे!

बाई परत आल्या.

"ड्युअल अँटीप्लेटलेट चालू आहे ना?"

शिंप्याला वाटलं, जाळीबद्दलच विचारतायत.

"हो, चालू आहे की."

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. पण बाहेर वीस माणसं ताटकळत होती, त्यांचा वेळ कशाला खायचा, म्हणून तो भिडस्त माणूस नमस्कार करून उठला. दार बंद झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

नऊ दिवसांनी बायको एकटीच आली. शिंपी भर दुपारी मशीनवरच कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. तिने बाईंसमोर त्याचा औषधांचा कागद ठेवला, शेजारी गोळ्यांचं अर्धं पाकीट ठेवलं आणि कागदावरच्या 'ड्युअल अँटीप्लेटलेट'चा अर्थ विचारला. बाईंनी कितीतरी वर्षांनी मला खिडकीतून उचललं, माझ्यावरची धूळ पुसली आणि त्या रंग उडालेल्या जागेवर बोट ठेवलं. ही नळी, ही जाळी, इथे रक्ताची गुठळी होते, ती होऊ नये म्हणून या दोन गोळ्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "हे तर त्यांना कळलं असतं, मॅडम."

बाईंनी मला परत खिडकीत ठेवलं नाही. त्या दिवसापासून मी पुन्हा टेबलावर आहे, आणि बाई मला पेशंटच्या हातात देऊन वडिलांसारखंच म्हणतात, आता तुम्ही मला सांगा.

मित्रांनो, घरातलं कुणी डॉक्टरांकडे निघालं तर सोबत जा. एखादा शब्द कळला नाही तर मान हलवू नका, सरळ 'नाही कळलं' म्हणा. बाहेरची माणसं थांबतात. त्या दिवशीही थांबली असती.