काश्काचं केसाळ वासरू

मी काश्का. कपाळावर पांढरा चट्टा असलेल्या गाईला आमच्या नारीनच्या डोंगरात काश्काच म्हणतात, त्यामुळे एवढ्याशा गावात माझ्या नावाच्या आणखी अकरा जणी आहेत. पण जिच्याबद्दल लोक अजून हसतात ती काश्का मीच. गाय शांत असते, सोशिक असते, तिच्या डोळ्यांत माया असते वगैरे जे बोललं जातं, ते माझ्या आईला लागू होतं. माझ्या डोळ्यांत बहुतेक वेळा माश्या असतात.

सरकारी सामूहिक शेत मोडलं तेव्हा माझी आई आमच्या मालकिणीकडे, बुर्माकानकडे, आली. गावाने सगळं वाटून घेतलं होतं. बुर्माकानच्या वाट्याला एक गाय आणि ट्रॅक्टरचा एक दिवा आला. दिवा अजून खिडकीत आहे, कशासाठी ते कुणाला माहीत नाही. गाईचं मात्र तिने सोनं केलं. नवरा वारला, मुलगा तैलाय रशियात बांधकामावर गेला, तरी बाईने वासरामागून वासरू वाढवत पाच गाईंचा कळप उभा केला.

मी जन्मले तो तिच्या नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाचा दिवस होता. अंगणात शंभर माणसं मटण ओरपत होती, मुल्ला दुआ म्हणत होता आणि गोठ्यात माझी आई एकटीच कण्हत होती. हात धुवायला जागा शोधत एक पाहुणा आत शिरला आणि मी थेट त्याच्या नव्या बुटांवर पडले. तो बोंबलला, म्हणून माझ्या जन्माची बातमी घरात गेली.

आमच्याकडे दोन माणसं भेटली की विचारतात, "गुरं-माणसं सुखरूप?" क्रम बघा. मला तो योग्यच वाटतो.

बुर्माकान हाताने मऊ आणि तोंडाने तिखट. धार काढता काढता ती सगळ्या गावाच्या कागाळ्या माझ्या कानात ओतायची. मला ते आवडायचं. पहिली तीन वेतं मी वेळच्या वेळी दिली, दूधही भरपूर दिलं आणि कुणाला तक्रारीला जागा ठेवली नाही.

मग तैलायने बिश्केकहून बायको आणली. तीन महिने राहिला आणि परत रशियाला गेला. बायको आमच्याकडे राहिली. तिचं नाव बेगाइम. हडकुळी, शहरातली. सासूला ती आपा म्हणायची, म्हणजे आई. आणि मला 'तुम्ही' म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने माझी कास कोमट पाण्याने धुतली. मला इतका संकोच वाटला की मी पान्हाच चोरला.

बेगाइमला कळप सुधारायचा होता. ती फोनवर वाचायची, पुस्तकं मागवायची. स्वयंपाकघरात तिने एक कॅलेंडर टांगलं आणि त्यावर आमची नावं लिहिली: कोण कधी माजावर आली, कुणाला कधी वळू दाखवला. माझी खाजगी गोष्ट समोवारच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी. पाहुणे चहा पीत ती वाचायचेही.

तिचा सगळा भरवसा शेजारच्या दोरोनबेकच्या वळूवर होता. त्याचं नाव जनरल. परदेशी रक्त, लाल अंग, पांढरं तोंड, आणि डोक्यात काही नाही. मला त्याच्याकडे दोन वर्षांत तीनदा नेलं. तिन्ही वेळा तो माझ्याकडे न बघता माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होता. आपलं काम उरकलं की गव्हाणीत तोंड घालायचा. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या; तिसरी, जूनच्या तोंडावरची, अजून कळायची होती.

"दोष वळूत नाही," दोरोनबेक छाती काढून म्हणाला. "माझा जनरल भिंतीलाही वासरू देईल."

"मग भिंतीलाच विचार," बुर्माकान म्हणाली. "तो तिच्याकडेच बघतो."

पण घरी आल्यावर ती गंभीर झाली. दोन वर्षं भाकड गाय म्हणजे बसून खाणारा पाहुणा. "हा उन्हाळा बघू," ती सुनेला म्हणाली. "पानगळीपर्यंत गाभण राहिली तर ठीक. नाहीतर हिवाळ्याच्या मटणाला काश्का."

बेगाइमने मान हलवली. तिच्या पुस्तकातही तेच लिहिलं होतं.

जूनमध्ये आम्ही वरच्या कुरणावर गेलो. तंबू ठोकला, चूल पेटली. जुलैत बुर्माकान भाचीच्या लग्नाला खाली गावात गेली, आणि नेमका तेव्हाच मला पुन्हा माज आला. म्हणजे जनरल तिसऱ्यांदाही वाया गेला होता. माश्यांनी जीव नकोसा केला होता, म्हणून मी वाऱ्याच्या दिशेने वर चढत गेले. खडक लागले, बर्फाचे पट्टे लागले, आणि तिथे याक होते.

त्यांच्यातला नर पुढे आला. केस जमिनीला टेकत होते, आंघोळीशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता, आणि बोलणं म्हणजे नुसतं घुरघुरणं. पण तो माझ्याकडे बघत होता. पुढचं सविस्तर सांगत नाही, ऐकणाऱ्यांत लहान मुलंही असतील.

तिसऱ्या दिवशी बेगाइम मला शोधत आली. ती कधी एकटी घोड्यावर बसली नव्हती. दोन्ही हातांनी आयाळ धरून, रडत रडत आली होती. तिने मला पाहिलं, माझ्या शेजारच्या केसांच्या ढिगाला पाहिलं आणि तिचं रडणं थांबलं.

"काश्का," ती म्हणाली, "तुम्ही हे काय केलंत?"

त्या दिवसापासून तिने मला अहो-जाहो करणं सोडलं.

बुर्माकान परतली तेव्हा बेगाइम काहीच बोलली नाही. ऑक्टोबरात जनावरांचा डॉक्टर आला. त्याची ओळख करून घ्यायची पद्धत जरा थेट आहे; खांद्यापर्यंत हात घालून तो म्हणाला, "गाभण आहे." बेगाइमने कॅलेंडरवर माझ्या नावापुढे लिहिलं: जनरल.

दोरोनबेक मग रोजच येऊ लागला. "बघ, तिसऱ्या खेपेला पावला की नाही?" असं म्हणत तो सबंध हिवाळा बुर्माकानच्या घरची साय नानवर थापून खात बसला. बेगाइम वाढायची आणि खाली बघायची. मार्च उलटला तरी मी व्याले नाही, तेव्हा तो म्हणाला, "जनरलची वासरं दांडगी असतात. सावकाश येतात."

एप्रिलमध्ये, भर दुपारी, बाहेर बर्फाचं वादळ चालू असताना मला कळा सुरू झाल्या. दोन तास गेले. वासराचा एक पाय आत मुडपला होता. डॉक्टर तालुक्याला अडकलेला. बुर्माकानने दोरोनबेकला हाक मारली आणि सुरी धुऊन खिडकीत ठेवली. त्यात दुष्टपणा नव्हता. मी मरणारच असेन तर मटण तरी हलाल व्हावं, एवढाच हिशोबी विचार. तिच्या जागी मी असते तर मीही सुरी धुतली असती. पण त्या वेळी मला तो विचार पटला नाही, हेही खरं.

दोरोनबेकने हात घालून पाहिला. त्याचा पंजा फावड्याएवढा. मी अशी हंबरले की गंजीवरचे कावळे उडाले.

"नाही जात," तो म्हणाला. "सुरी आण."

"थांबा," बेगाइम म्हणाली. तिने बाही वर केली, हाताला तेल चोळलं. तिचा तो काडीसारखा हात, ज्यावर सगळं गाव हसायचं, आत सरकला. ती डोळे मिटून चाचपत होती, ओठ चावत होती. "खूर लागला," ती म्हणाली. मग, "वळतोय." मग बराच वेळ काहीच नाही. मी पडले होते आणि तिचा श्वास माझ्या शेपटीवर लागत होता. शेवटी ती ओरडली, "आपा, दोरी! ओढा!"

तिघांनी ओढलं. वासरू आलं.

कालवड होती. काळी कुळकुळीत, पोटाखाली झालर, घोड्यासारखी झुबकेदार शेपटी. तिने डोकं हलवलं आणि घुरघुरली.

दोरोनबेकने दोरी टाकली आणि वाकून पाहिलं.

"हे काय आहे?" दोरोनबेकने विचारलं.

"वासरू," बेगाइम म्हणाली.

"जनरलचं तोंड पांढरं. याला तर तोंडच दिसत नाही!"

बुर्माकानने त्याच्याकडे सावकाश वळून पाहिलं. "मग सबंध हिवाळा साय खाल्लीस ती कशाची, दोरोनबेक?"

तो टोपी घालून गेला. बुर्माकान सुनेकडे वळली. बेगाइमचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, आपा. जुलैपासून."

"गाईने केलं ते गाईला शोभलं. तू माझ्याशी का खोटं बोललीस?"

"गाव हसलं असतं. म्हणालं असतं, शहरातली सून पुस्तकं वाचून वाचून गाईला याककडे घेऊन गेली."

"आणि आता रडणार आहे का गाव?"

तीन दिवस बुर्माकान तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी विहिरीवर एका बाईने बेगाइमला विचारलं, "काय गं, पुढच्या खेपेला अस्वल का?" तेव्हा बुर्माकान मध्ये पडली. "अस्वल कशाला? तुझ्या नवऱ्याला पाठव, केस तर तेवढेच आहेत." घरी येऊन तिने सुनेला स्वतःच्या हाताने चहा दिला. त्या दोघींच्यात तेवढ्यावर मिटलं.

काळीचं नाव काराच पडलं; आमच्याकडे कारा म्हणजे काळी. तिसऱ्या वर्षी अशी थंडी पडली की बर्फावर बर्फ गोठला. गवत संपलं. गावात दररोज कुणाचं तरी जनावर आडवं व्हायचं. जनरलही गेला, दोरोनबेक भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला, आणि त्याला मात्र कुणी हसलं नाही. कारा उतारावर जाऊन खुरांनी बर्फ उकरायची आणि खालचं वाळकं गवत खायची. तिने उकरलेल्या खड्ड्यांत तोंडं घालून आम्ही बाकीच्या जगलो. पुढे ती व्याली, तेव्हा तिच्या दुधाच्या सायीत चमचा उभा राहायचा. त्या उन्हाळ्यात दोरोनबेक टोपी हातात घेऊन आला आणि बेगाइमला म्हणाला, "सूनबाई, वर जाशील तेव्हा माझीही एक गाय नेशील का?"

आता आमचा कळप नऊ जणींचा आहे, त्यातल्या पाच केसाळ. मी सतरा वर्षांची आहे. तैलाय रशियाहून कायमचा परत आलाय, पोट घेऊन. परवा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, हिला दात नाहीत, वासरू नाही. कशाला पोसायची? या हिवाळ्याला..."

"दूध देते ती," बुर्माकान म्हणाली.

"अजून?"

"विचार तुझ्या बायकोला."

"सकाळचं दीड लिटर," बेगाइम भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली.

माझ्या कासेत तीन वर्षं थेंब नाही. तरी रोज सकाळी बुर्माकान तिवई घेऊन येते, धारेला लागेल तेवढा वेळ माझ्याजवळ बसते, गुडघ्यांना शिव्या घालते, आणि मग बादलीवर फडकं टाकून ती सुनेच्या हातात देते. बेगाइम एका बाजूला झुकून, जड आहे असं दाखवत, ती घरात नेते. त्या दोघी याबद्दल आपापसातही कधी बोललेल्या नाहीत.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. आमच्या बाजूला आलात तर जरूर या, चहा प्या, गुरं-माणसं सुखरूप का ते विचारा. फक्त त्या फडक्याखाली डोकावू नका.